पराभवानंतरची वाट : १८५७ च्या पराभूतांचा भूगोल आणि मराठी लेखन

प्रस्तावना

१८५७ च्या उठावावर मराठीत विपुल लेखन झाले आहे. चरित्रे, इतिहासग्रंथ, नाटके, कादंबऱ्या, पोवाडे अशा बहुतेक सर्व वाङ्मयप्रकारांनी हा विषय हाताळला. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी १८९४ मध्ये झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे चरित्र प्रसिद्ध केले. विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनमध्ये असताना मराठीत लिहिलेला इतिहास १९०९ मध्ये इंग्रजी अनुवादाच्या रूपाने बाहेर आला आणि सरकारी बंदीतच वाढला. वि. वा. शिरवाडकरांनी ‘वीज म्हणाली धरतीला’ (१९७०) या नाटकात राणीला रंगभूमीवर आणले. या लेखनाची प्रेरणा, गुणवत्ता आणि काळ वेगवेगळा आहे. मात्र एका बाबतीत ते समान आहे. त्याचा शेवट मृत्यूपाशी होतो. ग्वाल्हेरच्या रणांगणावर जून १८५८ मध्ये राणी पडते, १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीस तात्या टोपे यांना फाशी होते, आणि पडदा पडतो.

परंतु उठाव करणारे सगळेच मेले नव्हते. लढाई हरल्यानंतर जिवंत राहिलेल्यांची संख्या कितीतरी मोठी होती. ते कोठे गेले? कोणत्या वाटेने गेले? कोणाला कोणता आश्रय उपलब्ध होता आणि कोणाला तो नाकारला गेला? हे प्रश्न इतिहासकारांनी अलीकडच्या काळात विचारले आहेत, पण मराठी साहित्याने ते फारसे विचारलेले नाहीत. हुतात्म्यासाठी आपल्या वाङ्मयात मानाचे स्थान आहे, हरून जगलेल्यासाठी नाही. या उपेक्षेचे स्वरूप तपासणे आणि तिला अपवाद ठरणाऱ्या एका मराठी ग्रंथाचे, म्हणजे विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’चे, या दृष्टीने पुनर्वाचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

दक्षिणेचे दार

पराभूत सैन्य कोणत्या दिशेला वळते यावरून त्याला आपले घर कोठे वाटते ते कळते. ग्वाल्हेर गेल्यानंतर तात्या टोपे यांनी राजपुताना आणि माळव्यात दहा महिने इंग्रजी फौजांना झुलवले, याचे वर्णन सर्वत्र आढळते. त्या धावपळीमागे एक दिशा होती, याकडे मात्र दुर्लक्ष होते. १८५८ च्या ऑक्टोबरअखेरीस तात्यांनी होशंगाबादच्या बाजूला नर्मदा ओलांडली. येवल्याहून लहानपणी उत्तरेत गेलेला हा माणूस पेशव्यांच्या नावाने पुन्हा दक्षिणेकडे निघाला होता. मुंबई आणि मद्रास सरकारांना त्या वेळी जी धास्ती वाटली ती अकारण नव्हती. नागपूरचे राज्य खालसा होऊन अवघी चार-पाच वर्षे झाली होती आणि साताऱ्याची जखमही जुनी झालेली नव्हती.

प्रत्यक्षात दक्षिणेने दार उघडले नाही. मुलताईपर्यंत येऊन तात्यांना पश्चिमेकडे वळावे लागले आणि १ डिसेंबर १८५८ रोजी छोटा उदेपूर येथे पराभव पत्करून पुन्हा उत्तरेला जावे लागले. ज्या मुलखातून पेशवाई निघाली त्या मुलखात तिच्या शेवटच्या सेनापतीला पाऊल ठेवता आले नाही, ही घटना मराठी लेखकांना अस्वस्थ करणारी ठरायला हवी होती. बहुतेकांनी ती तात्यांच्या चपळाईचा आणखी एक दाखला म्हणून नोंदवली आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथात टोपे घराण्यातील लेखकाने शिवपुरीला फाशी गेलेला माणूस तात्या नव्हेच, असे प्रतिपादन केले. तात्यांना रणांगणावरचा मृत्यू मिळवून देण्याची ही धडपडही वर उल्लेखिलेल्या प्रवृत्तीचेच रूप म्हटले पाहिजे.

याच सुमारास घरी परतण्याचा एक अधिकृत मार्ग खुला झाला होता. १ नोव्हेंबर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्याने इंग्रज प्रजाजनांच्या हत्येत भाग घेतलेल्यांना वगळून इतरांना शस्त्र खाली ठेवण्याच्या अटीवर माफी देऊ केली. अवधच्या बेगम हजरत महल यांनी प्रतिजाहीरनामा काढून या शब्दांवर विसंबू नका, असे आपल्या लोकांना बजावले. तरीही पुष्कळ जण परतले असणार, आणि गावात पोहोचल्यावर गप्प बसले असणार. मागे कोणताही कागद ठेवायचा नाही, हीच त्यांच्या सुरक्षिततेची अट होती. पराभूतांच्या इतिहासातील सर्वांत मोठे प्रकरण बहुधा या मौनाचे आहे आणि ते लिहिले जाणे कठीणच होते.

खरा भिक्षुक आणि खोटे भिक्षुक

गोडसे भटजींच्या ग्रंथाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर लक्षात येते. पेणजवळच्या वरसई गावचे हे भिक्षुक. घरावरचे कर्ज फेडण्यासाठी चार पैसे मिळवावेत म्हणून ते काका रामभट यांच्यासह १८५७ च्या आरंभी उत्तरेस निघाले. मथुरेला बायजाबाई शिंदे यज्ञ करणार आहेत आणि तेथे मोठी दक्षिणा मिळेल, असे त्यांच्या कानावर आले होते. वाटेत महूच्या आसपास त्यांना आगामी उठावाची चाहूल लागली आणि तरीही ते पुढे गेले. पुढील प्रवासात झाशीचा वेढा, शहराची लूट आणि कत्तल त्यांनी आतून पाहिली. मिळवलेले पैसे गमावले, पुन्हा मिळवले, पुन्हा गमावले. अखेरीस गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन ते पायी कोकणात परत आले. हा सर्व वृत्तांत त्यांनी बऱ्याच वर्षांनी, १८८३ च्या सुमारास, चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून लिहून काढला. ते लेखन लेखकाच्या मृत्यूनंतर १९०७ मध्ये वैद्यांनी संपादित करून प्रसिद्ध केले. मूळ हस्तलिखितावर आधारलेली संहिता मात्र दत्तो वामन पोतदार यांच्यामुळे १९६६ मध्ये उपलब्ध झाली.

मराठी समीक्षेने या ग्रंथाला मान दिला आहे. तथापि तो मान बहुतांशी झाशीच्या प्रकरणांपुरता आहे. राणीची दिनचर्या, वेढ्याचे दिवस, शहरातील जाळपोळ हे भाग पाठ्यपुस्तकांत आणि संकलनांत पुनःपुन्हा येतात. राणी झाशीतून बाहेर पडल्यानंतरचा प्रवास हा जणू परिशिष्ट मानला जातो. ग्रंथाची रचना पाहिली तर ही विभागणी टिकत नाही. पुस्तकाचे नाव ‘माझा प्रवास’ आहे, झाशीची बखर नव्हे. प्रवासाचा मोठा भाग पराभवानंतरचा आहे.

या उत्तरार्धाचे वाचन करताना काल्पीच्या वाटेवरील विहिरीचा प्रसंग कळीचा ठरतो. झाशी सोडून आलेली राणी पठाणी वेषात, धुळीने माखलेली, तहानेने व्याकुळ अशी भटजींना विहिरीपाशी भेटते. भटजी पाणी काढून देऊ पाहतात, पण ती त्यांना तसे करू देत नाही, स्वतः पाणी शेंदते आणि आपल्या स्थितीबद्दल चार निराश शब्द बोलते. हा प्रसंग मराठीत अनेकदा उद्धृत झाला, आणि प्रत्येक वेळी राणीच्या विनयाचे व धर्मनिष्ठेचे उदाहरण म्हणून. परंतु राणी येथे राणी राहिलेली नाही, ती वाटसरू झाली आहे. दोन वाटसरू एका विहिरीवर भेटतात, दोघांचेही सर्वस्व त्याच शहरात गेलेले असते आणि दोघांची पहिली गरज पाणी हीच असते. वीररसाच्या कोणत्याही कल्पनेत न बसणारे हे चित्र आहे. पराभवाचे असे वर्णन एका भिक्षुकाच्या साध्या गद्याला जमले, याचे कारण त्याच्याजवळ वीररसाची सामग्रीच नव्हती. त्याच्याजवळ मुक्काम, अन्न, सोबत, चोर आणि दक्षिणा यांची मोजदाद होती.

आणखी एक गोष्ट या ग्रंथाच्या संदर्भात नोंदली गेलेली दिसत नाही. १८५८ नंतर उत्तरेच्या रस्त्यांवर पराभूत पुढारी ज्या वेषात लपत होते तो वेष भिक्षुकाचा, यात्रेकरूचा, गोसाव्याचा होता. नानासाहेबांचे पुतणे रावसाहेब तात्यांपासून वेगळे झाल्यावर अशाच रीतीने हिंडत राहिले. १८६२ मध्ये जम्मूच्या बाजूला ते पकडले गेले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांना कानपूर येथे फाशी देण्यात आले. नानासाहेबांच्या शोधात सरकारने वर्षानुवर्षे साधू-बैरागी पकडले. १८६३ मध्ये अजमेरला एक, १८७४ मध्ये ग्वाल्हेरला शिंद्यांनी हवाली केलेला आणखी एक, आणि अधूनमधून इतर कितीतरी. प्रत्येक वेळी ओळख पटवण्यासाठी जुने डॉक्टर, जुने नोकर, जुने कैदी बोलावले गेले आणि प्रत्येक वेळी माणूस दुसराच निघाला. ज्या रस्त्यावर सरकार खोट्या भिक्षुकाला शोधत होते त्याच रस्त्यावरून वरसईचा खरा भिक्षुक चालत होता. ब्रह्मावर्त, चित्रकूट, अयोध्या, काशी ही त्याची तीर्थे होती आणि पळालेल्यांची आश्रयस्थानेही. त्यामुळे ‘माझा प्रवास’ हे तीर्थयात्रेचे वर्णन असूनही पराभूतांच्या वाटांचा नकाशा त्यात आपोआप उमटला आहे. गोडसे भटजी बंडखोर नव्हते, म्हणूनच ते ही वाट मोकळेपणाने लिहू शकले. बंडखोराने ती लिहिली असती तर तो पुरावा ठरला असता.

चित्रकूटजवळच्या किरवी येथील पेशव्यांची हकीकत भटजींनी दिली आहे तीही या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. अमृतराव पेशव्यांच्या या वंशजांनी, नारायणराव आणि माधवराव यांनी, इंग्रजी फौज आल्यावर पळ काढला नाही, ते स्वाधीन झाले. परिणाम असा की त्यांची अपार संपत्ती युद्धातील लूट ठरली, नारायणराव कैदेतच वारले आणि त्या लुटीत कोणत्या सेनापतीच्या फौजेला वाटा मिळावा याचा खटला लंडनच्या न्यायालयात चालून १८६६ मध्ये निकाली निघाला. ‘बांदा आणि किरवीची लूट’ या नावाने तो इंग्रजी कायद्याच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. जागेवर थांबणे हाही पराभूतांपुढचा एक पर्याय होता आणि त्याची किंमत ही अशी होती.

राणीच्या दत्तकपुत्राची, दामोदररावांची, कहाणी तर मराठी वाचकांना जवळची असूनही अपुरी सांगितली गेली आहे. त्यांच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या आठवणी य. न. केळकर यांच्या ‘इतिहासाच्या सहली’ (१९५९) या पुस्तकात आल्या आहेत. राणीच्या मृत्यूनंतर काही विश्वासू लोकांसह हा मुलगा रानोमाळ भटकला. इंग्रजांच्या भीतीने गावोगावचे लोक त्याला आसरा देईनात. शेवटी १८६० मध्ये त्याला इंदूरला आणून इंग्रज अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करण्यात आले, पेन्शन ठरली आणि पुढील सारे आयुष्य, १९०६ पर्यंत, तेथेच गेले. राणीच्या पाठीवर बांधलेले मूल पुतळ्यांतून आणि चित्रांतून प्रत्येकाने पाहिलेले असते. इंदूरमध्ये वार्धक्याकडे झुकलेल्या पेन्शनराचे चित्र कोणी काढलेले नाही.

तराईतील पेशवे

पराभूतांपैकी जे प्रमुख होते त्यांच्यासाठी १८५८ च्या अखेरीस एकच दिशा उरली होती, ती म्हणजे नेपाळची तराई. नानासाहेब, बाळासाहेब, बेगम हजरत महल, अजीमुल्ला खान आणि अवधचे कितीतरी तालुकदार डिसेंबरमध्ये राप्ती ओलांडून तेथे शिरले. निवड चुकीची होती असे आज म्हणता येईल, कारण नेपाळचे जंगबहादुर राणा स्वतः फौज घेऊन लखनौच्या लढाईत इंग्रजांच्या बाजूने उतरले होते. परंतु तिन्ही बाजूंनी कोंडलेल्या माणसाला चौथ्या बाजूचा गुणदोषविचार करता येत नाही. एका हिंदू राजाच्या मुलखात आपल्याला थारा मिळेल, ही आशाही त्यामागे असावी.

तराईने या लोकांना बंदुकीपेक्षा तापाने मारले. ‘औल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या हिवतापाने पावसाळ्यात छावण्याच्या छावण्या झोपवल्या. बाळासाहेब तेथेच वारले, अजीमुल्ला खानही. नानासाहेब १८५९ च्या पावसाळ्यानंतर देवखुरीच्या परिसरात तापाने वारल्याचे कळवले गेले, पण या बातमीवर सरकारने पूर्ण विश्वास कधीच ठेवला नाही. जंगबहादुरांनी स्त्रियांना आश्रय दिला आणि पुरुषांना हुसकावले. बाजीरावांच्या विधवा आणि नानासाहेबांच्या पत्नी काठमांडूत राहिल्या. बेगम हजरत महल यांनी १८७९ मध्ये तेथेच देह ठेवला. इंग्रजांनी १८६० मध्ये पश्चिम तराईचा मोठा पट्टा नेपाळला परत केला, तो केलेल्या मदतीचे बक्षीस म्हणून. याच पट्ट्यात बंडखोर वर्षभर आधी मरून पडले होते.

या प्रकरणातील एक कागद मराठी लेखकांना विशेष अडचणीचा वाटला असावा. एप्रिल १८५९ मध्ये तराईतून पाठवलेल्या आपल्या इश्तिहारात नानासाहेबांनी स्त्रिया-मुलांच्या हत्येची जबाबदारी नाकारली, आपण निरुपायाने बंडात सामील झालो असे म्हटले आणि इतरांना माफी मिळत असताना आपल्याला का नाही, असा प्रश्न केला. त्याच कागदात शेवटपर्यंत लढण्याची भाषाही आहे. गौरवपर चरित्रकारांनी यातला दुसरा भाग तेवढा उचलला, टीकाकारांनी पहिला. दोन्ही भाग एकाच माणसाने, एकाच तापट रानात, एकाच आठवड्यात लिहिले आहेत हे गृहीत धरून त्याचे मन समजून घेणारे लेखन मराठीत झाले नाही. मनोहर माळगावकर यांनी ‘द डेव्हिल्स विंड’ (१९७२) या इंग्रजी कादंबरीत नानासाहेबांनाच निवेदक करून पराभवानंतरही बोलते ठेवले. बेळगावच्या परिसरात वावरलेल्या या लेखकाला त्यासाठी इंग्रजीत जावे लागले, हा योगायोग समजून सोडून देण्यासारखा नाही.

आश्रयाचा प्रश्न धर्माशी कसा निगडित होता, हेही तराईच्या संदर्भात दिसते. मुसलमान पुढाऱ्यांना हिंदुस्थानाबाहेर जाणारी एक जुनी, प्रतिष्ठित वाट उपलब्ध होती, ती हजची. मौलाना रहमतुल्ला कैरानवी मक्केला पोहोचले आणि तेथे त्यांनी स्थापन केलेला सौलतिया मदरसा आजही ओळखला जातो. हाजी इमदादुल्ला यांनीही तेथेच आयुष्य काढले. तात्यांच्या अखेरच्या मोहिमेत सामील झालेला दिल्लीच्या राजघराण्यातील फिरोजशहा तर कंदाहार, बुखारा, कॉन्स्टँटिनोपल अशी वणवण करीत मक्केत आला आणि १८७७ मध्ये तेथेच वारला. प्रत्येक दरबारात त्याने हिंदुस्थानच्या मुक्ततेसाठी मदत मागितली आणि ती कोठेच मिळाली नाही. हिंदू पुढाऱ्याला समुद्रापलीकडे असे पवित्र स्थान नव्हते. त्याची तीर्थे इंग्रजी अमलाखाली होती. म्हणून एकाला परदेश आणि दुसऱ्याला वेषांतर, असा फरक पडला. उत्तर आणि दक्षिण हिंदुस्थानात ‘अमुक बाबा म्हणजे खरे तर नानासाहेब’ अशा ज्या दंतकथा रुजल्या त्यांचे मूळ या फरकात शोधता येईल.

कल्पनेने दिलेला आश्रय

जमिनीवर कोठेच जागा नसलेल्या या माणसाला जागा दिली ती एका फ्रेंच कादंबरीकाराने. ज्यूल व्हर्नच्या ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ या कादंबरीतील कॅप्टन निमो कोण, याचा उलगडा ‘द मिस्टीरिअस आयलंड’ (१८७४-७५) मध्ये होतो. तो बुंदेलखंडाचा राजपुत्र डक्कार, टिपू सुलतानाचा नातलग आणि १८५७ चा पराभूत बंडखोर असतो. बायको-मुले गमावल्यावर तो पाणबुडी बांधतो आणि समुद्राखाली राहू लागतो. व्हर्नला तो मुळात रशियाविरुद्ध उठलेला पोलिश बंडखोर करायचा होता. प्रकाशकाने व्यापाराचा विचार करून त्याला विरोध केला. म्हणजे एका पराभूत राष्ट्राच्या जागी दुसरे बसवले गेले, आणि ते सहज बसले, कारण दोघांचीही स्थिती तीच होती.

भा. रा. भागवतांनी व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी किशोरवाचकांपर्यंत आणल्या. या वाचकांच्या पिढ्यांना निमो परिचयाचा आहे, पण तो १८५७ चा माणूस आहे, झाशीच्या परिसरातला आहे, ही जाणीव मराठी समीक्षेत कोठे उमटलेली आढळत नाही. अद्भुतरम्य कथा एका कप्प्यात आणि राष्ट्रीय इतिहास दुसऱ्या कप्प्यात, अशी आपल्या वाङ्मयाची वाटणी झाली आहे. याच व्हर्नने ‘द स्टीम हाउस’ (१८८०) मध्ये नानासाहेबांना क्रूर खलनायक म्हणून रंगवले, हेही सांगितले पाहिजे. समुद्राखाली गेलेला बंडखोर उदात्त आणि जंगलात राहिलेला बंडखोर भयंकर, असा हा युरोपीय हिशेब आहे.

समुद्रापलीकडे

सामान्य शिपायांच्या वाट्याला आलेला समुद्र वेगळा होता. १० मार्च १८५८ रोजी डॉ. वॉकर हे दोनशे कैद्यांना घेऊन अंदमानात उतरले आणि तेथील कैद्यांची वसाहत सुरू झाली. पळून जाण्याचे प्रयत्न लगेच झाले. हिंदुस्थान कोठे आहे, मध्ये किती पाणी आहे, याची कल्पना नसलेली माणसे झाडे तोडून तराफे बांधत होती. पकडून आणलेल्यांपैकी ऐंशीहून अधिक जणांना वॉकर यांनी फासावर चढवले. पळालेल्यांपैकी दूधनाथ तिवारी हा शिपाई वर्षभर अंदमानी आदिवासींमध्ये राहिला, त्यांच्यातच त्याने संसार मांडला आणि मे १८५९ मध्ये हे आदिवासी वसाहतीवर हल्ला करणार, ही बातमी त्याने परत येऊन इंग्रजांना दिली. त्याला माफी मिळाली. पराभूत बंडखोर दुसऱ्या पराभूत होऊ घातलेल्या लोकांचा घात करून सुटतो, ही गोष्ट कोणत्याही गौरवग्रंथात बसणार नाही. पण पराभवाचे वाङ्मय लिहायचे तर तिला वगळताही येणार नाही. तिकडेच १८६१ मध्ये मरण पावलेल्या फजले हक खैराबादी यांनी आपल्या बंदिवासाचा वृत्तांत अरबीत लिहून ठेवला.

मराठीला अंदमान मिळाले ते अर्धशतकानंतर. १८५७ चा इतिहास हौतात्म्याच्या अंगाने लिहिणारे सावरकर स्वतः १९११ मध्ये तेथे गेले आणि ‘माझी जन्मठेप’ (१९२७) या ग्रंथात त्यांनी कोलू, काथ्या, आजार, फितुरी, बंद्यांमधील हेवेदावे यांचे तपशीलवार वर्णन केले. पहिल्या ग्रंथातील ओजस्वी निवेदन येथेही आहे, पण त्याला रोजच्या जगण्याच्या तपशिलांनी वेगळे वजन आणले आहे. हरल्यानंतर माणूस दिवस कसे काढतो, या प्रश्नाला मराठी गद्याने दिलेले हे पहिले मोठे उत्तर होय. त्याच प्रकाशात १८५८ च्या कैद्यांकडे पाहिले जावयास हवे होते, ते राहून गेले.

मजूर म्हणून वसाहतींत गेलेल्यांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. मॉरिशसला जाणाऱ्या गिरमिटियांची संख्या उठावानंतर एकदम वाढली. १८५९ या एका वर्षात चाळीस हजारांहून अधिक माणसे तेथे उतरली. मरीना कार्टर आणि क्रिस्पिन बेट्स या अभ्यासकांनी उठाव आणि हे स्थलांतर यांचा संबंध तपासला आहे, आणि त्यात माजी शिपाई असावेत, अशी शंका त्या काळच्या अधिकाऱ्यांनाही होती. मात्र ही वाढ दुष्काळ, खालसा झालेल्या जमिनी आणि ऊसमळ्यांची वाढती मागणी यांमुळेही झाली हे विसरता कामा नये. मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेला मराठी समाज आजही तेथे आपली भाषा आणि गणेशोत्सव सांभाळून आहे. त्यात १८५७ च्या बंडखोरांचे वंशज शोधण्याचा मोह होईल. त्यांच्यापैकी अनेक जण उठावापूर्वीच तेथे पोहोचले होते, आणि पोटासाठी केलेल्या प्रवासाला बंडाचे तेज चढवण्याची गरज नाही.

कोकण आणि सातारा

प्रत्यक्ष महाराष्ट्रातील पराभूतांकडे वळले की अंतर कमी होते, मौन मात्र वाढते. सावंतवाडीच्या १८४४-४५ च्या उठावातील लोकांनी पोर्तुगीज गोव्यात आश्रय घेतला होता. दुसऱ्या युरोपीय सत्तेची हद्द हाच तेव्हा जवळचा परदेश होता. ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापूरच्या सत्ताविसाव्या पलटणीने उठाव केला, तेव्हा पळालेल्या शिपायांनी दक्षिण कोकणातील जंगलांचाच मार्ग धरला. छत्रपतींचे धाकटे बंधू चिमासाहेब यांना १८५८ मध्ये कराचीला नेण्यात आले आणि १८६९ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. बहादुरशहा जफर रंगूनला, चिमासाहेब कराचीला आणि पुढे १८८६ मध्ये ब्रह्मदेशचा राजा थिबा रत्नागिरीला, अशी साम्राज्याने आपल्या पराभूतांची अदलाबदल केली. रत्नागिरीकर थिबा राजवाडा अभिमानाने दाखवतात. कराचीतील चिमासाहेबांचे स्मरण कोल्हापूरबाहेर कोणाला फारसे नाही.

साताऱ्याच्या रंगो बापूजींचे उदाहरण या सर्वांपेक्षा निराळे आहे. पदच्युत छत्रपती प्रतापसिंहांची बाजू मांडण्यासाठी या माणसाने चौदा-एक वर्षे लंडनमध्ये काढली, अर्ज केले, सभा घेतल्या, कर्ज काढले आणि रिकाम्या हाताने १८५३ मध्ये परत येऊन उठावाची जुळवाजुळव केली. कट फुटला. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना देहान्त शिक्षा झाली, त्यांत त्यांचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी स्वतः मात्र त्याआधीच जुलैमध्ये ठाण्याहून नाहीसे झाले. बक्षिसे जाहीर झाली, वेष बदलल्याच्या बातम्या आल्या, पण ते सापडले नाहीत. प्रबोधनकार ठाकरे यांनी ‘प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजी’ (१९४८) या ग्रंथात त्यांच्या लंडनच्या लढ्याची कागदपत्रांनिशी मांडणी केली. त्या ग्रंथातही ठाण्यानंतरच्या वाटेवर कागद नाही. इंग्रजांच्या न्यायावर एवढा विश्वास ठेवून एवढे कागद लिहिणाऱ्या माणसाने शेवटच्या प्रवासाचा एकही कागद मागे ठेवला नाही. लंडनच्या रस्त्यांवर ज्याला सगळे ओळखत होते, तो स्वतःच्या मुलखात, मराठी बोलणाऱ्या लोकांत, मुलाच्या फाशीची बातमी कोठेतरी ऐकत, कोणत्या नावाने राहिला असेल, हे एखाद्या मराठी कादंबरीकाराने अजून लिहावयाचे आहे.